शिडाच्या जहाजांवरचा ब्रिटिश अधिकारी: जुन्या कागदांतून त्याची कारकीर्द कशी उभी करावी

विजयदुर्गावरच्या १७५६ च्या हल्ल्याबद्दल वाचताना ॲडमिरल चार्ल्स वॉटसन हे नाव येतं. मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये कॅप्टन जॉर्ज निकोलस हार्डिंगचं स्मारक दिसतं. किनाऱ्याच्या एखाद्या जुन्या सागरी नकाशाच्या कोपऱ्यात कुणा लेफ्टनंटचं नाव असतं. हाताशी एवढंच: नाव आणि हुद्दा. तेवढ्यावरून तो माणूस आरमारात कधी शिरला, कोणकोणत्या जहाजांवर होता, कधी चढला आणि कधी घरी बसला, हे बऱ्यापैकी काढता येतं. लंडनच्या आरमारी कचेऱ्या पै-पैचा हिशेब ठेवत आणि त्यातलं पुष्कळ जपूनही ठेवलं गेलं.

कागदांची वानवा नाही. मात्र त्यातला एकही कागद कुणाचं चरित्र कळावं म्हणून लिहिलेला नाही. हजेरीपट पगारासाठी, लॉग (जहाजाच्या प्रवासाची रोजची नोंदवही) पगार सुटावा म्हणून, परीक्षेचा दाखला बढतीसाठी, अर्धपगाराची (जहाज नसताना घरी बसलेल्या अधिकाऱ्याला मिळणाऱ्या पगाराची) वही खजिन्यासाठी. त्यामुळे कागद उघडला की पहिला प्रश्न हाच: हा कुणी भरला आणि भरल्याने त्याला काय मिळणार होतं? ज्या रकान्याशी पैसा किंवा बढती बांधलेली असते, तिथली तारीख सोयीने सरकलेली असू शकते. जिथे कुणाला काही फरक पडत नव्हता, ती नोंद बहुधा खरी.

उदाहरणासाठी इथे मुख्यतः होरेशियो नेल्सन घेतला आहे. त्याच्या तारखांवर इतक्या लोकांनी काम केलं आहे की पद्धत तपासून पाहायला तो सोयीचा. शिवाय पोरवयात ‘सीहॉर्स’ या जहाजावरून तो मुंबईला येऊनही गेला होता.

आधी आरमार कोणाचं ते ठरवा

मराठी वाचकाची सर्वांत जास्त फसगत इथे होते. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेणारा कमोडोर विल्यम जेम्स आणि त्यानंतर दहा महिन्यांनी विजयदुर्गावर चालून आलेला वॉटसन, दोघेही ‘इंग्रज आरमाराचे’ म्हणून एकाच दमात सांगितले जातात. पण जेम्स ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीनचा, तर वॉटसन इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचा, म्हणजे रॉयल नेव्हीचा. दोन्हींची भरती, बढती, पगार, कागद सगळं वेगळं. जेम्सला रॉयल नेव्हीच्या यादीत शोधत बसलात तर महिना जाईल आणि हाती भोपळा येईल.

ओळखायच्या खुणा अशा. कंपनीच्या सेवेत पोस्ट कॅप्टन नसतो आणि निळा-पांढरा-लाल ॲडमिरलही नसतो. तिथला मोठा माणूस बहुधा कमोडोर. जहाजाच्या नावाआधी ‘हिज मॅजेस्टीज शिप’ असेल तर राजाचं. बॉम्बे मरीनचं नाव १८३० मध्ये इंडियन नेव्ही झालं आणि १८६३ मध्ये ते दल मोडलं, त्यामुळे १८३० नंतरच्या कागदात ‘इंडियन नेव्ही’ दिसलं तर तोही कंपनीकडचाच माणूस. अशा माणसासाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरातला सागरी विभाग पाहायचा आणि आपल्याकडे काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार. हार्डिंग मात्र रॉयल नेव्हीचा. फ्रेंच ‘पिएमॉन्टेझ’शी झालेल्या लढाईत मार्च १८०८ मध्ये तो मारला गेला. म्हणजे स्मारक मुंबईत आहे, पण कागद लंडनमध्ये.

कणा: चार तारखा

रॉयल नेव्हीच्या अधिकाऱ्याची सगळी कारकीर्द चार तारखांवर टांगलेली असते: लेफ्टनंट, कमांडर, पोस्ट कॅप्टन आणि रिअर ॲडमिरल. या तारखा आधी पक्क्या करायच्या. जहाजं, लढाया, आजारपणं नंतर त्यांच्या मधे भरायची. उलट क्रमाने गेलात तर दंतकथांत अडकाल.

नेल्सनचा कणा असा: लेफ्टनंट १० एप्रिल १७७७, कमांडर ८ डिसेंबर १७७८, पोस्ट कॅप्टन ११ जून १७७९, रिअर ॲडमिरल २० फेब्रुवारी १७९७. पहिल्या तीन पायऱ्या सव्वादोन वर्षांत आणि शेवटची पुढच्या जवळजवळ अठरा वर्षांनी. हा विस्कळीतपणा चूक नाही, व्यवस्थाच तशी होती.

लेफ्टनंटचं नेमणूकपत्र माणसाला नसे, जागेला असे: अमुक जहाजाचा तिसरा लेफ्टनंट. जहाज बदललं की नवं पत्र. म्हणून एकाच माणसाची सहा-सात लेफ्टनंटपत्रं सापडली तर गोंधळू नका. ज्येष्ठता पहिल्या पत्राच्या तारखेपासून मोजली जाई. कमांडर म्हणजे स्लूप किंवा ब्रिगसारख्या लहान जहाजाचा प्रमुख. नेल्सनकडे ‘बॅजर’ ब्रिग होती, हार्डिंगकडे ‘स्कॉर्पियन’ स्लूप. अशा जहाजावर सगळे ‘कॅप्टन’ म्हणूनच हाक मारत, आणि पत्रांत, वर्तमानपत्रांतही तसंच छापलं जाई. म्हणून नुसत्या ‘कॅप्टन’ शब्दावर हुद्दा ठरवू नये. खरा टप्पा पोस्ट कॅप्टनचा: किमान २० तोफांच्या, म्हणजे श्रेणीत बसणाऱ्या जहाजाचं नेमणूकपत्र हातात पडलं की माणूस ‘पोस्ट’ झाला. तिथवर वशिला, शौर्य आणि नशीब चालतं. हार्डिंगने १८०४ मध्ये ‘स्कॉर्पियन’वरून डच ‘अटलांट’ पकडलं आणि त्याच वर्षी तो पोस्ट झाला.

त्यापुढे मात्र फक्त ज्येष्ठता. वरचे मरतील किंवा बाजूला होतील, तसतशी यादी सरकते. म्हणूनच नेल्सनला रिअर ॲडमिरल केलं ते सेंट व्हिन्सेंटच्या लढाईतल्या पराक्रमाबद्दल, हे वाक्य अनेक ठिकाणी वाचायला मिळालं तरी खरं नाही. लढाई १४ फेब्रुवारीला, बढती २० ला आणि विजयाची बातमी लंडनला पोचली मार्चच्या सुरुवातीला. लढाईबद्दल मिळाला तो ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ हा सरदारकीचा किताब. दोन तारखा शेजारी मांडल्या की असे गैरसमज आपोआप गळतात, आणि हे काम घरबसल्या होतं.

ॲडमिरलपदात पुन्हा नऊ पायऱ्या. रिअर ॲडमिरल निळा, पांढरा, लाल. मग व्हाइस ॲडमिरल त्याच क्रमाने. मग ॲडमिरल निळा आणि पांढरा. सर्वांत वर ॲडमिरल ऑफ द फ्लीट. लाल ॲडमिरल हे पद १८०५ मध्ये आलं आणि रंगांची पद्धत १८६४ मध्ये बंद झाली. एकाच वेळी मोठी बढती निघाली की मधला रंग ओलांडूनही जाता येई. नेल्सन निळ्यावरून थेट लाल रिअर ॲडमिरल झाला, मधला पांढरा नाहीच. कागद हरवला असं समजून पांढरा शोधत बसू नये. आणि १७४७ पासून एक ‘पिवळी’ वाटही होती: वर न्यायचं नाही अशा वृद्ध कॅप्टनला रिअर ॲडमिरलचं निवृत्तिवेतन देऊन घरी पाठवायचं. यादीत असा माणूस ॲडमिरल दिसतो, पण एकाही ताफ्यावर त्याचा झेंडा चढलेला नसतो.

छापील याद्यांपासून सुरुवात

१७८२ पासून स्टील नावाच्या प्रकाशकाची नौदल यादी नियमित निघू लागली आणि १८१४ पासून सरकारी यादी. दोन्हींच्या बऱ्याच प्रती स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट आहेत. चरित्रकोशांत जॉन चार्नॉकचे खंड १७९४ ते १७९८ मधले, त्यात १६६० पासूनचे कॅप्टन. जॉन मार्शलचे १८२३ पासूनचे, त्यात तेव्हा हयात असलेले कमांडर आणि वरचे. आणि विल्यम ओ’बर्नचा १८४९ चा, त्यात त्या काळी हयात असलेले लेफ्टनंटसुद्धा. तुमचा माणूस कधी वारला यावर कोणता कोश उघडायचा ते ठरतं. शेवटच्या दोन कोशांतली माहिती बरीचशी अधिकाऱ्यांनी स्वतः पुरवलेली, त्यामुळे तारखा चांगल्या पण पराक्रमाचं वर्णन हात राखून घ्यावं.

लंडन गॅझेट हे सरकारी राजपत्र १६६५ पासूनचं आहे आणि त्याचा शोध फुकट. इथे एक हमखास खड्डा. अठराव्या शतकात शब्दाच्या मधला ‘एस’ लांब शेपटीचा छापत आणि संगणक तो ‘एफ’ म्हणून वाचतो. नेल्सनचा ‘नेल्फन’ होतो आणि शोध कोरडा जातो. १८०० च्या आधीच्या अंकांत नाव शोधताना ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालून दुसऱ्यांदा शोधा. शेवटचा ‘एस’ मात्र तसाच ठेवा, तो साधाच छापत.

परीक्षेचा दाखला

लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आरमारी खात्याचे कागद ‘एडीएम’ या तीन अक्षरांखाली येतात; कॅटलॉगमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची. लेफ्टनंटच्या परीक्षेचे दाखले मुख्यतः एडीएम १०७ मध्ये आहेत, १६९१ ते १८३२ पर्यंतचे. कुणा एका अधिकाऱ्यावर एकच कागद मागवायला पैसे असतील तर हा मागवा. एका पानात माणसाचं वय, चढलेली सगळी जहाजं, प्रत्येकावरचा हुद्दा आणि काळ येतो. उमेदवाराने आपल्या रोजनिश्या आणि कॅप्टनांची शिफारसपत्रं दाखवली, डोलकाठी-दोरखंडांचं आणि नौकानयनाचं ज्ञान सिद्ध केलं, अशी ठरावीक वाक्यं शेवटी असतात. ती सगळ्यांनाच असतात. त्यातून कुणाची हुशारी मोजू नका.

अट अशी होती: समुद्रावर सहा वर्षं, त्यातली किमान दोन मिडशिपमन (शिकाऊ अधिकारी) किंवा मेट (सेलिंग मास्टरचा मदतनीस) म्हणून, आणि वय वीस पूर्ण. नेल्सनचा दाखला ९ एप्रिल १७७७ चा आणि त्यात तो विशीच्या पुढचा ‘दिसतो’ असं लिहिलं आहे. त्याचा जन्म २९ सप्टेंबर १७५८ चा, म्हणजे प्रत्यक्षात वय साडेअठरा. परीक्षकांत अध्यक्ष त्याचा सख्खा मामा मॉरिस सकलिंग, आरमाराचा कारभार पाहणाऱ्या नेव्ही बोर्डाचा प्रमुख, म्हणजे कंट्रोलर. यात फार धक्का बसण्यासारखं काही नाही, हे सर्रास चाले. पुढच्या काळातल्या बऱ्याच दाखल्यांना बाप्तिस्म्याचा उतारा जोडलेला असतो, पण असे उतारे काही शिलिंगांत बनवून मिळतात अशी ख्याती तेव्हाच होती. म्हणून दाखल्यातल्या वयावरून जन्मसाल काढू नका. गावच्या चर्चच्या नोंदवहीतून काढा.

सहा वर्षांची बेरीजही तपासून पाहा. दाखल्यात काळ वर्षं, महिने, आठवडे, दिवस असा लिहिलेला असतो आणि त्यातला महिना २८ दिवसांचा, वर्षात असे १३. आपल्या नेहमीच्या महिन्यांनी बेरीज केलीत तर हिशेब जुळणार नाही आणि उगाच लबाडीचा संशय येईल.

हजेरीपट: नाव आहे म्हणजे माणूस आहे असं नाही

जहाजाची हजेरी दर आठवड्याला होई आणि तिची वही साधारण दर दोन महिन्यांनी वर पाठवली जाई. या वह्या एडीएम ३६ मध्ये, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून एडीएम ३७ मध्येही. वही माणसाच्या नावाने नाही, जहाजाच्या नावाने लागते. म्हणून दाखल्यातून जहाजं आधी काढायची आणि मग इकडे यायचं.

पान आडवं, रेघांचं, रकाने दाटीचे. डावीकडून अनुक्रमांक, रुजू झाल्याची तारीख, हजर झाल्याची तारीख, कुठून आला आणि जबरीने धरून आणला का. मग जन्मगाव आणि रुजू होतानाचं वय. हा वयाचा रकाना १७६४ पासून दिसतो, आणि अधिकाऱ्यांच्या ओळीत तो बहुधा कोरा. त्यापुढे नाव, हुद्दा, आणि एक अरुंद रकाना ज्यात एकदोन अक्षरंच: ‘डी’ म्हणजे दुसरीकडे पाठवला किंवा सोडला, ‘डीडी’ म्हणजे मेला, ‘आर’ म्हणजे पळून गेला. शेवटी सोडल्याची तारीख, कुठे किंवा का, आणि कपडे, तंबाखू, मेलेल्यांच्या लिलावातली खरेदी यांच्या कपाती. सर्वांत मोलाचा रकाना ‘कुठे’चा; तो पुढच्या जहाजाचं नाव सांगतो आणि तुमची साखळी तुटत नाही.

रुजू झाल्याची आणि हजर झाल्याची तारीख वेगळी असते, ही गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. नेल्सनचं नाव मामाच्या ‘रेझनेबल’ या ६४ तोफांच्या जहाजावर १ जानेवारी १७७१ पासून आहे; पोरगा प्रत्यक्ष जहाजावर चढला तो काही आठवड्यांनी, वसंताच्या सुमारास. त्यानंतर त्याचं नाव ‘ट्रायम्फ’च्या पटावर आहे, पण त्यातलं सुमारे एक वर्ष तो एका व्यापारी जहाजावर वेस्ट इंडीजला होता. ते वर्षही सहा वर्षांत धरलं गेलं. कॅप्टनला दर शंभर माणसांमागे चार नोकर ठेवायची मुभा होती, म्हणजे ५०० माणसांच्या जहाजावर वीस. या ‘नोकर’ नोंदीखाली भाचे, पुतणे, मित्रांची पोरं भरली जात. काही तर अजून शाळेतच असत. म्हणून लहान वयाच्या नोंदीला दुसऱ्या कागदाचा आधार हवाच. १७९४ नंतर ‘नोकर’ जाऊन अधिकारी होऊ पाहणाऱ्या पोरांसाठी ‘प्रथम वर्ग स्वयंसेवक’ अशी नोंद येते.

हुद्द्याच्या रकान्यात आणखी एक चकवा. मिडशिपमन झालेला पोरगा पुढच्या पानावर ‘एबल सीमन’, म्हणजे साधा खलाशी दिसतो. शिक्षा झाली असेल असं वाटतं. बहुतेक वेळा कारण एवढंच की जहाजाच्या श्रेणीनुसार मिडशिपमनच्या जागा मोजक्या होत्या. जागा नसली की पगारासाठी त्याला खलाशी म्हणून दाखवत. काम आणि जेवणाची पंगत तीच.

लॉग, आणि बारा तासांचा घोळ

कॅप्टनांचे लॉग एडीएम ५१ मध्ये, सेलिंग मास्टरचे (जहाजाची दिशा आणि मार्ग सांभाळणाऱ्याचे) ५२ मध्ये, ॲडमिरलांच्या रोजनिश्या ५० मध्ये. लेफ्टनंटचे लॉग क्यूला नाहीत; ते ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये जहाजवार बांधलेले आहेत. लेफ्टनंटला लॉग जमा केल्याशिवाय पगार सुटत नसे, म्हणून हे इतके टिकले; आणि म्हणूनच बरेचसे शेजारच्याचं बघून उतरवलेले असतात. तीन लेफ्टनंटांनी एकच वाक्य लिहिलं तर तीन साक्षीदार धरू नका.

रकाने वाऱ्याचे, दिशेचे, कापलेल्या मैलांचे, अक्षांश-रेखांशांचे, मग शेरे. शेऱ्यांत माणसाबद्दल फार कमी सापडतं: बदली, मृत्यू, फटक्यांची शिक्षा, तोफांच्या सलाम्या. जहाज कुठे होतं हे मात्र नेमकं कळतं.

तारखेत जी चूक होते ती इथेच. जहाजावरचा दिवस दुपारी बाराला सुरू होई, आणि तोही आपल्या दिवसाच्या बारा तास आधी. म्हणजे जमिनीवरची १२ तारखेची दुपार लॉगमध्ये १३ तारखेखाली पडते, तर १३ ची सकाळ १३ खालीच राहते. विजयदुर्गाचंच पाहा. वॉटसनचा ताफा आत शिरून तोफा सुरू झाल्या त्या १२ फेब्रुवारी १७५६ च्या दुपारी. ‘केंट’, ‘कंबरलँड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ या जहाजांच्या लॉगमध्ये ती लढाई शोधायची ती १३ तारखेच्या पानाच्या सुरुवातीला. पानातला ‘पीएम’ भाग आधी आणि ‘एएम’ भाग नंतर येत असेल तर सागरी दिवस चालू आहे असं समजा. ऑक्टोबर १८०५ मध्ये आरमारी खात्याने ही पद्धत बंद करून मध्यरात्रीचा दिवस लागू केला, पण हुकूम दूरच्या जहाजांपर्यंत पोचायला महिने लागले. त्या संक्रमणकाळात प्रत्येक लॉग स्वतंत्र तपासावा.

त्याहून जुन्या कागदांत दुसरी गाठ. इंग्लंडने १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं: २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर. त्याआधी वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारी १७३८ असं लिहिलेला कागद आपल्या हिशेबाने १७३९ चा असू शकतो. तक्त्यात मूळ तारीख आणि आपली तारीख असे दोन रकाने ठेवा; डोक्यात बेरीज-वजाबाकी करत बसू नका.

ठिकाणांची नावंही कारकुनाच्या कानाने लिहिलेली. विजयदुर्ग ‘घेरिया’, सुवर्णदुर्ग ‘सेव्हर्नड्रूग’, आंग्रे ‘अँग्रिया’. कॅटलॉगमध्ये आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर काही मिळणार नाही.

रिकामी वर्षं

कारकिर्दीच्या मधोमध पाच-सहा वर्षं काहीच सापडत नाही, तेव्हा बहुतेकदा माणूस अर्धपगारावर असतो. शांतता झाली की जहाजं मोकळी करत, अधिकारी घरी. नेल्सन ‘बोरियस’ मोकळं झाल्यावर १७८७ च्या अखेरीपासून जानेवारी १७९३ पर्यंत नॉरफोकमध्ये बसून होता; फ्रान्सशी युद्ध तोंडावर आलं तेव्हा त्याला ‘अ‍ॅगमेम्नॉन’ मिळालं. १८१५ नंतर तर ही अवस्था बहुसंख्यांची. युद्धाच्या ऐन भरात दीड लाखाच्या आसपास माणसं असलेलं आरमार दोनतीन वर्षांत वीस हजारांवर आलं आणि बहुतेक अधिकाऱ्यांना पुन्हा कधीच जहाज मिळालं नाही.

अर्धपगाराच्या वह्या एडीएम २५ मध्ये, १६९३ ते १८३६. त्यात वृत्तान्त शून्य, पण माणूस जिवंत आहे आणि नोकरीवर नाही हे पक्कं होतं. नोंद अचानक थांबली तर बहुधा दोन शक्यता: जहाज मिळालं किंवा वारला.

१८१७ मध्ये आरमारी खात्याला कळेना की आपल्या अधिकाऱ्यांनी नेमकी किती सेवा केली आहे. म्हणून छापील तक्ते वाटून प्रत्येकाला स्वतःची कारकीर्द भरून पाठवायला सांगितलं. हे तक्ते एडीएम ९ मध्ये आहेत. १८४६ मध्ये पुन्हा तसंच झालं. १८१७ पर्यंत जगलेल्या माणसासाठी याहून सोपी सुरुवात नाही. वीसेक वर्षांपूर्वीच्या तारखा आठवून भरलेल्या, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांची चूक गृहीत धरा आणि हजेरीपटाशी ताडून घ्या.

कोर्ट मार्शलचे कागद एडीएम १ मध्ये ५२५३ क्रमांकापासून पुढे सापडतात. नाव दिसलं म्हणून दचकू नका. जहाज बुडालं, हरवलं किंवा शत्रूच्या हाती पडलं की चौकशी होणारच, कॅप्टनचा दोष असो वा नसो. त्या जबान्यांत मात्र जहाजावरचं रोजचं बोलणं जसंच्या तसं सापडतं. दुसऱ्या कुठल्याच कागदात ते नाही.

एकाच नावाचे दोघे

सॅम्युएल हूड दोन आहेत. एक व्हायकाउंट हूड, १७२४ ते १८१६. दुसरा त्याचा नातलग सर सॅम्युएल हूड, ज्याने ईस्ट इंडीजच्या ताफ्याचा सेनापती असताना १८१४ मध्ये मद्रासला देह ठेवला. अलेक्झांडर हूडही दोन: एक लॉर्ड ब्रिडपोर्ट झाला, दुसरा १७९८ मध्ये ‘मार्स’वर मारला गेला. चौघेही एकाच काळात आरमारात. ज्येष्ठतेची तारीख हाच अशा वेळी वेगळं करण्याचा एकमेव भरवशाचा उपाय, कारण एकाच नावाच्या दोघांची पोस्टची तारीख क्वचितच एक असते.

जहाजांचंही तेच. मुंबईच्या गोदीत वाडियांनी कंपनीसाठी बांधलेलं ‘कॉर्नवॉलिस’ रॉयल नेव्हीने विकत घेतलं आणि १८११ मध्ये त्याचं नाव ‘अकबर’ केलं. दोन वर्षांनी, १८१३ मध्ये, त्याच मुंबईत ७४ तोफांचं नवं ‘कॉर्नवॉलिस’ पाण्यात उतरलं. १८४२ चा ब्रिटन आणि चीनमधला नानकिंगचा तह झाला तो या दुसऱ्यावर. ‘कॉर्नवॉलिसवर होता’ एवढ्या नोंदीवरून माणूस कुठे होता ते सांगता येत नाही. जहाजाच्या नावापुढे नेहमी तोफांचा आकडा आणि बांधणीचं वर्ष लिहा.

चित्र हाती असेल तर खांद्याकडे बघा. खांद्यावरची सोनेरी झुलं १७९५ मध्ये आली: तीन वर्षं पूर्ण झालेल्या पोस्ट कॅप्टनला दोन, नव्याला फक्त उजव्या खांद्यावर, कमांडरला फक्त डाव्या, लेफ्टनंटला एकही नाही. १८१२ मध्ये लेफ्टनंटलाही एक मिळालं. त्यावरून चित्राचा काळ चार-पाच वर्षांच्या आत आणता येतो, मात्र चित्रकाराने बढतीनंतर झूल वाढवून दिल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा हा पुरावा दुय्यमच.

तक्ता आणि मागणी

साध्या स्प्रेडशीटमध्ये हे रकाने पुरतात: पासून, पर्यंत, मूळ तारीख, जहाज, तोफा, हुद्दा, कॅप्टन, ताफा किंवा ठाणं, दस्तऐवजाचा क्रमांक. शेवटचा रकाना कधीही कोरा ठेवू नका. सहा महिन्यांनी ही तारीख कुठून घेतली ते आठवत नाही. एका ओळीला एकच कागद. दोन कागद भांडत असतील तर दोन ओळी ठेवा, सरासरी काढू नका.

क्यूच्या कागदांपैकी बरेचसे ऑनलाइन नाहीत. भारतातून मागवताना संपूर्ण वही मागू नका. कॅटलॉग क्रमांक, जहाज आणि नेमका महिना कळवून पानं तपासून घ्यायची विनंती करा, मगच प्रतीचे पैसे भरा. परदेशी ठाण्यावर सेनापतीने दिलेली बढती असेल, तर हंगामी हुकूम एका तारखेचा आणि लंडनचं शिक्कामोर्तब काही महिन्यांनी, असे दोन कागद निघतात. जमैकाच्या तापात अधिकारी पटापट मरत आणि जागा तिथेच भरल्या जात. नेल्सनची कमांडर आणि पोस्ट ही दोन्ही पत्रं तिथलीच. ज्येष्ठता यातल्या कोणत्या तारखेपासून धरली ते छापील यादीच सांगते.

इच्छापत्र शेवटी पाहा. १८५८ पर्यंतची अनेक अधिकाऱ्यांची इच्छापत्रं क्यूच्या प्रॉब ११ या मालिकेत आहेत आणि ती नावाने ऑनलाइन शोधता येतात. मोहिमेवर निघताना घाईत केलेली असतात, त्यामुळे तेव्हाच्या जहाजाचं नाव पहिल्याच ओळीत मिळतं. बायको, बहिणी आणि पकडलेल्या जहाजांबद्दलच्या बक्षिसाच्या रकमेचा व्यवहार पाहणारा दलाल यांची नावंही. मंजुरीची तारीख ही मृत्यूची नाही. पूर्वेकडे वारलेल्या माणसाच्या बाबतीत बातमी पोचून इच्छापत्र मंजूर व्हायला वर्ष सहज जाई, तेव्हा मृत्यूची तारीख जहाजाच्या हजेरीपटातल्या ‘डीडी’ या नोंदीवरूनच घ्यावी.